चाळीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर

४ मार्च, मंगळवार

ताई,

तू बोगद्याच्या कामावर नर्स म्हणून रुजू झाल्याला आज तीन आठवडे झाले. तिथे फोन लागत नाही आणि शनिवारच्या ट्रकशिवाय काही पोचत नाही, असं तू सांगितलं होतंस. मला ते खरं वाटलं नव्हतं. म्हणून आता हे पत्र.

तुझ्या सरड्याच्या, मुकादमाच्या पेटीवर तू चिकटवलेला सूचनांचा कागद तसाच आहे. अकरा सूचना आहेत. सातवीत 'खाईल तेवढं दे' आणि दहावीत 'फार देऊ नकोस'. मी रोज सकाळी त्याचं वजन करते, म्हणजे दोन्ही पाळल्या जातात. काल ४१.२ ग्रॅम होतं.

दिवा सकाळी सातला लावते, संध्याकाळी सातला बंद करते. दिव्याखालच्या दगडाचं तापमान रोज साडेसहाला, कामावरून आल्यावर मोजते. ४१ अंश. एकदाही चुकलेलं नाही.

समोरच्या काकूंनी विचारलं, हा कसला सरडा? मी म्हणाले, बिअर्डेड ड्रॅगन, दाढीवाला. त्या म्हणाल्या, दाढी कुठंय? मी म्हणाले, तीन महिन्यांचा आहे. तिथे संभाषण संपलं.

बाबांनी 'मी त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही' असं तुझ्यासमोर जाहीर केलं होतं. आता त्यांची खुर्ची दिवसभर पेटीसमोर असते. मी घरी आले की ती पुन्हा खिडकीशी गेलेली असते, पण फरशीवर पायांचे ओरखडे दिसतात. मी काही बोललेले नाही.

एक विचारायचं आहे. मुकादमाचं पोट मंद आहे. तुझ्याकडे तो किती वेळा शी करायचा? नक्की आकडा लिही. 'बऱ्यापैकी' असं लिहू नकोस.

धाकटी


९ मार्च, रविवार

प्रिय मोजपट्टी,

बऱ्यापैकी!

बरं, चिडू नकोस. रोज एकदा. कधी दोनदा, आणि हमखास मी नवा कागद अंथरल्यावर. तू 'मंद' लिहिलंस ते वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. तू अर्धा अंश चढला तरी आकडा लिहिणारी बाई. तू शब्द वापरलास म्हणजे आकडा वाईट असणार. काय तो सांगून टाक.

इथे माझ्याकडे दोनशे दहा माणसं आणि तेवढीच पोटं. टाकीतलं पाणी बदललं की अर्धा बोगदा माझ्या तंबूसमोर रांगेत. पायांना सूज आली आहे. कालपासून चपला एक नंबर मोठ्या घालते, त्या इथल्या आचाऱ्याच्या आहेत. तर मला शीचं वावडं राहिलेलं नाही, मोकळेपणाने लिही.

तोवर एवढं कर: संध्याकाळी कोमट पाण्यात बसव, पोटापर्यंतच पाणी, दहा मिनिटं. बोटाने पोटावरून हलकेच मागे फिरव. किडे त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. कळलं ना? तू ते अंतर मोजशीलच.

बाबा तुझ्याशी बोलतात का? की दोघं दोन खोल्यांत बसून एकमेकांच्या चहाचा आवाज ऐकता?

तुझी ताई


१२ मार्च, बुधवार

ताई,

अंतर सात मिलिमीटर. किडे पाचचे देते.

आकडा: तू गेल्यापासून चार वेळा. चारही वेळा रविवारी संध्याकाळी. मधले सहा दिवस काही नाही. शेवटचं ९ तारखेला, फार थोडं. मागच्या पत्रात हे लिहायला हवं होतं.

वजन ४२.० आहे, पण त्यात बाहेर न पडलेलं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. शेपटीचं मूळ बारीक होत चाललं आहे, म्हणजे तो खरं तर घटतो आहे.

साडेसहाला भांड्यात बसवते. पाणी ३४ अंश. तो माझ्या अंगठ्यावर हनुवटी टेकवतो आणि डोळे मिटतो. मीही मिटते. परवा बसल्याजागी डुलकी लागली, पाणी २९ वर गेलं. सध्या प्रयोगशाळेत तराजूंच्या वार्षिक तपासणीचा महिना चालू आहे. दिवसभर लोकांच्या काट्यांवर वजनं ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. घरी येऊन पुन्हा काटाच.

उष्णतेचा प्रश्न नाही. माझ्या तापमापकाला प्रमाणपत्र आहे आणि ते मीच दिलेलं नाही.

बाबा बोलतात का, विचारलंस. गेल्या आठवड्यात बोलले. म्हणाले, "ह्याला घाम येतो का गं?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी मान हलवली. एवढंच.

धाकटी


१६ मार्च, रविवार

प्रिय मोजपट्टी,

चार वेळा? जनावरांच्या डॉक्टरकडे जा. हे पत्र वाचून झालं की लगेच जा, वजन करत बसू नकोस.

रविवारचं काय गौडबंगाल आहे? त्यालाही साप्ताहिक सुट्टी लागते की काय? हसण्यावारी नेते आहे, पण मला ते खटकतंय. रविवारी तू वेगळं काय करतेस? काहीतरी असेल. आठव.

माझं फार लिहून होत नाही. आज दोघांना उष्माघात झाला, आतली हवा खेळवणारा पंखा बंद पडला होता. दोघंही बरे आहेत. मी मात्र स्टुलावर बसले की उठवत नाही.

मला ते पिल्लू हवंय गं. चार महिन्यांनी कोणीतरी माझ्याकडे एका डोळ्याने बघत मान हलवावी, एवढीच अपेक्षा आहे.

ताई


१९ मार्च, बुधवार

ताई,

तुझं पत्र आज पोचलं. डॉक्टरकडे मी शनिवारीच जाऊन आले.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट एका बोटाने तपासलं आणि एक्स-रे काढला. वाळू, खडा, काही अडकलेलं नाही. आतडं भरलेलं आहे आणि पुढे सरकत नाही. त्या म्हणाल्या, ह्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळाली तर पचतं, नाहीतर खाल्लेलं तसंच पडून राहतं.

"तापमान किती ठेवता?"

"एक्केचाळीस."

"दिवसभर?"

"हो."

"कशावरून?"

मी त्यांना माझं काम काय आहे ते सांगितलं. त्यांनी आकडा लिहून घेतला. बसस्टॉपवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मला फक्त साडेसहाचं तापमान माहीत आहे. 'दिवसभर' हे मी मोजलेलंच नव्हतं. अशी नोंद कोणी माझ्याकडे आणली असती तर मी परत पाठवली असती.

सोमवारी प्रयोगशाळेतून लॉगर आणला. बटणाएवढा असतो, दर पाच मिनिटांनी तापमान आपोआप टिपतो. दगडाच्या कडेला चिकटवला. आलेख सोबत काढून पाठवते आहे. करवतीचे दात असतात तसा दिसतो. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत: चाळीस मिनिटं चढतं, वीस मिनिटं उतरतं, पुन्हा चाळीस चढतं. वर ३७ च्या पुढे जात नाही, खाली ३२ पर्यंत येतं. पाचनंतर मात्र नीट ४१.

म्हणजे थर्मोस्टॅट बिघडला आहे, दिवा मध्येच बंद करतो. मंगळवारी नवा बसवला. आजचा आलेख तंतोतंत तसाच. चाळीस, वीस. दुसऱ्या कंपनीचा मागवला आहे, सोमवारी मिळेल. बिघाड इतका नियमित आहे की यंत्राशिवाय दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही. माणसाच्या हातून इतकं काटेकोर काही होत नाही.

रविवारी मी वेगळं काही करत नाही. घरी असते, एवढंच. १६ तारखेचा रविवारही कोरडा गेला.

डॉक्टरीणबाईंनी २८ तारीख दिली आहे, शुक्रवार. तोवर खाणं बंद, फक्त पाण्याचे थेंब, शेक आणि आंघोळ. नाही झाली तर भूल देऊन पोट खालून मोकळं करावं लागेल. "चाळीस ग्रॅमच्या जिवाला भूल देताना मी कोणाला शब्द देत नाही," असं म्हणाल्या.

तुला खरं सांगायचं तर मला झोपायचं आहे.

धाकटी


२३ मार्च, रविवार

धाकटे,

थर्मोस्टॅट परत कर. तो बिघाड नाही. ते बाबा आहेत.

चाळीस-वीस हे तुझ्या पत्रात वाचल्याबरोबर ओळखलं. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. काचेच्या कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी असणाऱ्यांची पाळी तशी असायची. चाळीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर. बाबा घरीही तसेच जेवायचे, तसेच झोपायचे. आई म्हणायची, ह्यांच्या पोटात घड्याळ आहे.

एका उन्हाळ्यात मोठं काम आलं आणि तिथल्या मुकादमाने पंधरा दिवस ती वीस मिनिटं काढून टाकली. फुंकणीवाले काका आठवतात का तुला? तुला काचेचं बदक करून दिलं होतं त्यांनी. बाबांचे जोडीदार. नवव्या दिवशी ते भट्टीसमोर तोंड उघडं टाकून उभे होते. बाबांनी पाहिलं. काही बोलले नाहीत, कारण बोललं की दोघांचीही पाळी जायची. दहा मिनिटांनी काका खाली पडले ते उठलेच नाहीत. बाबा हे आईला सांगत होते, मी दाराआड होते. "तोंड उघडं होतं त्याचं, आणि मी बघत राहिलो," असं तीन-चारदा म्हणाले. त्यानंतर ह्या विषयावर घरात कधी अक्षर निघालं नाही.

आणि मी त्या सरड्याला लाडाने मुकादम म्हणते. बाबांनी ऐकून घेतलं.

आता बघ. तो दिव्याखाली बसतो आणि तोंड उघडतो. आपल्याला माहीत आहे की तो जास्तीची उष्णता बाहेर टाकतो. बाबांना कोणी सांगितलं? मीही सांगितलं नाही. माझ्या अकरा सूचनांत ते नाही.

त्यांना ओरडू नकोस. तुझा आवाज चढत नाही हे मला माहीत आहे. तू हळू आवाजात एक वाक्य टाकतेस आणि समोरचा माणूस संपतो. ते वाक्य टाकू नकोस. एवढं माझं ऐक.

ताई


२५ मार्च, मंगळवार

ताई,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे. बिघाड सापडला.

काल अर्ध्या दिवसाची रजा घेतली. नवा थर्मोस्टॅट घेऊन साडेअकराला घरी आले. कुलूप उघडल्याचा आवाज बाबांना गेला नाही. पंखा बंद होता. ते पेटीच्या काचेला गुडघे लावून बसले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. मुकादम दगडावर, तोंड उघडं. बाबांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा चाळीसला ते उठले, बटण बंद केलं, म्हणाले, "चल, हो बाहेर." मग पंचाने स्वतःचं तोंड पुसलं.

मी दारातच उभी राहिले. खात्री करायची होती. बरोबर बाराला त्यांनी दिवा पुन्हा लावला.

"बाबा, हे किती दिवस चाललंय?"

ते दचकले. मग म्हणाले, "ताई गेली तेव्हापासून. तू नसताना देतो सुट्टी. तुला चालणार नाही, माहीत होतं."

"कशाची सुट्टी?"

"तोंड उघडतो तो. बघवत नाही."

मी म्हणाले, "त्याला तेवढी ऊब लागतेच. तुम्ही त्याला रोज थोडं थोडं मारताय."

आवाज चढवला नव्हता.

बाबांनी खुर्ची उचलली. दारात थांबून म्हणाले, "तुला विचारलं होतं मी. घाम येतो का म्हणून. तू नाही म्हणालीस."

त्यांचं काय म्हणणं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आंघोळ घालताना कळलं. ज्याला घाम येत नाही, तो उष्णतेत टिकणार कसा? त्यांचा हिशेब बरोबर होता. त्यात एक वाक्य कमी होतं आणि ते माझ्याकडे होतं.

दिवा कालपासून अखंड चालू आहे. आलेख सपाट, ४१. मुकादमाला अजून काही झालेलं नाही. वजन ३८.६.

धाकटी


२६ मार्च, बुधवार

ताई,

कालचं पत्र सकाळी टाकलं. तुझं आज मिळालं.

काचेचं बदक माझ्या टेबलावर आहे. मी त्याने कागद दाबते. ते कोणी दिलं हे मला माहीत नव्हतं.

बाबांची खुर्ची आता स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून. दोन दिवस पेटीच्या खोलीत आलेले नाहीत. ताटात अर्धी भाजी राहते. मी काल म्हणाले, "बाबा, जेवा ना." ते म्हणाले, "पोट मंद आहे." ते टोमणा मारत होते की खरंच तसं आहे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. चौतीस वर्षं भट्टीकडे बघून त्यांचे डोळे गढूळ झाले आहेत, त्यातून काही कळत नाही. की मला कळत नाही.

मी तीन वेळा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आले.

मला बोलता येत नाही. तुला पानंच्या पानं लिहिते आहे, हे आत्ता लक्षात आलं. उद्या कामावर जाताना पेटीवर कागद लावून जाईन, तुझ्या अकरा सूचनांच्या शेजारी. मार्करने, मोठ्या अक्षरात, म्हणजे त्यांना वाचता येईल.

परवा २८ तारीख आहे. पिशवी भरून ठेवली आहे: गरम पाण्याची बाटली, टॉवेल, एक्स-रे.

धाकटी


३० मार्च, रविवार

धाकटे,

तुझी दोन्ही पत्रं काल एकदमच मिळाली. आधी मंगळवारचं वाचलं आणि तुझा राग आला. मग बुधवारचं वाचलं.

मी उगाच आव आणते. मला तरी कुठे सुचलं होतं त्यांना दोन शब्द सांगायचं? मी कागद चिकटवून ट्रकमध्ये बसले आणि तुमच्या तिघांच्या अंगावर एकमेकांना टाकून आले. तू दमली आहेस हे मला पहिल्याच पत्रात दिसलं होतं. तिथे आकडे जास्त होते.

आज तीस तारीख. अठ्ठावीसला जे व्हायचं ते होऊन गेलं असेल, आणि मला ते सहा दिवसांनी कळणार. आचारी म्हणाला, "कोण आजारी आहे घरी?" मी म्हणाले, "एक सरडा आणि दोन माणसं." त्याने चहात साखर जास्त घातली.

जे असेल ते लिही. आकड्यात लिहिलंस तरी चालेल.

ताई


२ एप्रिल, बुधवार

ताई,

गुरुवारी सकाळी हा कागद लावून गेले:

'बाबा, त्याला घाम येत नाही. तोंड उघडून तो जास्तीची उष्णता बाहेर टाकतो. फार झालं तर तो स्वतःच उठून डाव्या बाजूला सावलीत जातो. ती बाजू त्यासाठीच थंड ठेवली आहे. त्याला तिथे जायला कोणी अडवत नाही. हे तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. सोमवारी बोलले ते चुकीचं होतं. तो तुमच्यामुळे आजारी नाही. आपण दोघंही कमी बोलतो, त्याने आजारी आहे. दिवसभर काय होतं ते मला कामावरून दिसत नाही. दर तासाला तापमान लिहून ठेवाल का? वही आणि तापमापक खाली ठेवले आहेत.'

संध्याकाळी सहाला आले. खुर्ची पेटीसमोर होती, खिडकीशी नेलेली नव्हती. वहीत नऊ आकडे होते, तुझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात. मी पाणी कोमट केलं. बाबा म्हणाले, "दे, मी धरतो." त्यांच्या तळहातांवर भट्टीचे जाड घट्टे आहेत, मुकादम त्यावर पोट टेकून पसरला. मी बोटाने मागे फिरवत होते. आम्ही दोघं काही बोलत नव्हतो, पण नेहमीसारखं नव्हतं.

दहा मिनिटं झाली. मी म्हणाले, "बास, उद्या डॉक्टरांकडेच."

बाबा म्हणाले, "थांब. आत्ताशी दहाच झालीत. वीस होऊ देत."

सतराव्या मिनिटाला झाली. पुष्कळ. बाबांच्या हातावर, बाहीवर, सगळीकडे. ते एकदाच "झाली" म्हणाले आणि हात तसाच धरून बसले. मी टॉवेल आणायला गेले आणि टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिले. किती, ते मोजलं नाही.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. भूल नको, हळूहळू खाणं सुरू करा, म्हणाल्या. बाबा बरोबर आले होते. त्यांनी वही पुढे केली. बाईंनी ती नीट वाचली आणि विचारलं, "हे कोण लिहितं?" बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या हाताखाली आहे मी."

शुक्रवारपासून रोज एकदा होते. आज वजन ३९.४, आणि ह्या वेळी ते खरं आहे.

रविवारी मी अकरा तास झोपले.

कालचं पान फाडून पाठवते आहे. बाबांनी परवानगी दिली आहे. म्हणाले, "ताईला सांग, त्याचं नाव बदलायला नको. हा मुकादम बरा आहे."

धाकटी

मंगळवार, १ एप्रिल

८ वा. — ३९

९ वा. — ४१. तोंड उघडलं.

९.१५ — आपण होऊन सावलीत गेला.

९.३५ — आपण होऊन परत आला.

१० वा. — ४१

११ वा. — ४१. शी झाली. कागद बदलला.

११.४० ते १२ — मी गॅलरीत. दिवा चालू.